कोणीतरी आधीच घेतलेलं नाव

ऑफिसातले लोक अजूनही मला विचारतात. वीज विभागात बिलांच्या तक्रारींच्या टेबलावर माझे केस पिकले, आणि माझा भाऊ काय उद्योग करतो हे तिथे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. परवा शेजारच्या टेबलावर नवीन आलेली पोट्टी म्हणाली, "दीदी, आपके भाई वो ब्लॉकचेनवाले नाम लेते हैं ना? मैं भी एक ले लूँ क्या? एक बार लो तो जिंदगीभर का." मी बिलातून मान वर न काढता म्हटलं, "घे ना. घरातल्या कोणाचं तोंड पुन्हा पाहायचं नसेल तं घेच." ती हसली. तिला वाटलं मी गंमत केली.

गंमत कसली. घ्यावं की नाही याचं माझं उत्तर तयार आहे, फक्त ते एका वाक्यात मावत नाही. त्यात माझा भाऊ येतो, भावजय येते, त्यांची पोरगी येते आणि एक नाव येतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्याच्या जागी जे आलं तेही लिहिणार नाही, कारण ते लिहायला माझा हात वळत नाही.

भाऊ माझ्याहून बराच लहान. वडील अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले, चौबे कॉलनीत घर बांधलं आणि तिथेच गेले. आई त्यांच्या वर्षभर आधीच गेली, तेव्हा भाऊ शाळेत होता. त्याचा डबा, त्याच्या वह्या, त्याचा ताप, सगळं माझ्याकडे आलं. माझं लग्न एकदा ठरलं होतं. मुलाकडच्यांना सोबत धाकटा भाऊ नको होता, म्हणून मोडलं. लोक याला त्याग म्हणतात. मी कसलाही त्याग केला नाही. त्या माणसाच्या आईचं तोंड पाहूनच माझं अर्धं मन उडालं होतं. पण लग्न ठरलं होतं त्या काळात मी मनात एक नाव धरलं होतं, मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून. लग्न मोडलं, नाव तेवढं राहिलं.

आमच्यात बाळाचं नाव आत्या ठेवते. बाराव्या दिवशी पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि ती सांगत असताना बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे. हा मान दुसऱ्या कोणाचा नाही. मला कोणत्याही कार्यात दुसरा मान नाही. ओटी भरायला सवाष्ण लागते, ती मी नाही. कुमारिका म्हणून पाय धुवावेत असं वय राहिलं नाही. हळदीकुंकवाला मला बोलावतात आणि चहाच्या कपांपाशी बसवतात. आत्या व्हायला मात्र नवरा लागत नाही, भाऊ लागतो. तो माझ्याकडे होता.

त्याला बरीच वर्षं मूल झालं नाही. भावजय भिलाईची, घरी सगळे मराठी, पण ती बोलते हिंदीत. दोघं वरच्या मजल्यावर, मी खाली. त्या वर्षांत मी एकदाच त्याला ते नाव सांगितलं होतं, आणि ते कधी, कोणासाठी धरलं होतं तेही. म्हटलं, देव देईल तेव्हा देईल, पण मुलगी झाली तर हे. तो म्हणाला, "बरं ताई." तेवढं बोलणं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आता त्याच्या उद्योगाचं. तेलीबांध्याला तलावासमोर एका विम्याच्या ऑफिसात तो नोकरीला. तिथे कोणीतरी त्याच्या कानात हे भरवलं. एका संध्याकाळी खाली येऊन माझ्या ओट्याला टेकून उभा राहिला आणि सांगू लागला.

"ताई, आपण वेबसाइटचं नाव घेतो ना, ते भाड्याचं असते. दरवर्षी पैसे भरा, नाही भरले तं गेलं. हे तसं नाही. हे हजारो कॉम्प्युटरवर एकदम लिहून ठेवतात. कोणी खोडू शकत नाही, सरकार बी नाही. एकदा घेतलं की आपलं."

"बरं. माझ्या मोबाइलवर उघडून दाखव."

"तुझ्यावर नाही उघडत सध्या. त्याले वेगळा ब्राउझर लागते."

"आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर?"

"सध्या नाही."

"मंग उघडते कुठं?"

"उघडन ना. सगळे वापरतीन तेव्हा सगळीकडे उघडन. आज जो घेऊन ठेवन तोच उद्या मालक."

माझ्या टेबलावर अशी माणसं रोज येतात. शहराबाहेर प्लॉट घेतलेला, घरापर्यंत खांब नाही, तार नाही, आणि मीटर मात्र भिंतीवर ठोकून बसलेले. मग मला विचारतात, दीदी, लाइट काहून येत नाही. मी त्याला तेच म्हटलं. "अबे, तू मीटर घेतलं. लाइन कुठं हाय?" तो म्हणाला, "तुले नाही समजणार." हे वाक्य तो शाळेत होता तेव्हापासून म्हणतो, आणि त्याचं गणित मीच घेत होते.

मग तो सुटलाच. तलावांची नावं घेतली, तांदळाच्या जातींची घेतली, सणांची घेतली. उद्या ज्याला लागतील तो आपल्या पायरीवर येईल, असा हिशोब. तात्यापाऱ्याजवळच्या एका जुन्या मिठाईवाल्याच्या दुकानाचं नावसुद्धा याने स्वतःसाठी घेतलं आणि त्यालाच विकायला गेला. मिठाईवाल्याने त्याला बसवलं, कचोरी खाऊ घातली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "भैया, दुकान मेरी, नाम मेरे दादा का. तुम कौन?" तिथल्या गिऱ्हाइकांनीच ही गोष्ट कॉलनीभर केली. मला ऐकून फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

यात धडपणे विकलं गेलेलं एकही नाव मी पाहिलं नाही. त्याच्यासारखेच दुसरे लोक त्याच्यासारखीच नावं घेऊन बसलेले, आणि सगळे एकमेकांना विकायला पाहताहेत. एकदा त्यानेच बोलता बोलता सांगितलं की या नावांना डॉटनंतर जो शेवट लागतो, तोच लावून दुसरी एक कंपनीही नावं विकते. म्हणजे एकाच नावाचे दोन मालक, आणि दोघंही कायमचे. मी म्हटलं, "मंग खरा कोण?" तो म्हणाला, "जो टिकन तो."

अशात भावजयीला दिवस गेले आणि मुलगी झाली. मी त्या आठवड्यात जमिनीवर नव्हतेच. ऑफिसात सगळ्यांना पेढे दिले, ज्या साहेबाशी माझं पटत नाही त्यालासुद्धा दोन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात न्यायला मेथीचे लाडू डब्यात भरत होते, तेव्हा भाऊ खाली आला.

"ताई, ते तू म्हणत होतीस ना नाव."

"हो."

"मी पाह्यलं. ते गेलं."

"गेलं म्हणजे?"

"कोणीतरी आधीच घेतलं. बाहेरदेशातला कोणी हाय. विकायले लावलं हाय त्यानं, पण डॉलरमध्ये मागून राहिला."

मला खरंच कळेना. मी म्हटलं, "घेतलं तं घेऊ दे. आपल्या पोरीचं नाव ठेवायले त्याले काय विचारायचं हाय?"

"तसं नाही ताई. मले पोरीच्या नावाचं डोमेन पाह्यजे, जन्मापासून तिचं. मोठी होईन तेव्हा सगळी दुनिया त्याच्यावर राहीन, आणि हिचं नाव दुसऱ्याच्या खिशात? म्हणून मी दुसरं पाह्यलं. घेऊनच टाकलं. रिकामं होतं."

आणि त्याने ते नाव सांगितलं. दोन अक्षरं, इंग्रजीत लिहिताना मध्ये एक अक्षर दोनदा घातलेलं. जिभेवर काहीच उतरेना. मी विचारलं, "याचा अर्थ काय?"

"अर्थ नाही. म्हणून तं रिकामं होतं."

लोक पोरीचं नाव ठेवतात ते आजीवरून ठेवतात, नक्षत्रावरून ठेवतात, नदीवरून ठेवतात. सिनेमातल्या बाईवरूनही ठेवतात, तेसुद्धा मी समजू शकते. हा माणूस यादीत जे शिल्लक होतं ते पोटच्या पोरीला लावून मोकळा झाला. बस फुल झाली म्हणून मागच्या बसमध्ये चढावं तसं.

"मले विचारलं नाही तू," मी म्हटलं.

"तुले काय विचारायचं? ते नाव तू तुझ्या पोरीसाठी ठेवलं होतं ना?" त्याने डब्यातला एक लाडू उचलला. "पोरगी कुठं हाय तुले?"

रागाने म्हणाला असता तर मी सोडून दिलं असतं. रागात माणूस काहीही बोलतो. हा अगदी सहज बोलला, जसं की मीच काहीतरी विसरले होते आणि याने आठवण करून दिली. लाडू खाल्ला, चांगला झाला म्हणाला.

मग मीही तोंड सोडलं. म्हटलं, "आई गेली तेव्हाच तुले मामाकडे हाकलून द्यायले पाह्यजे होतं. माझं लग्न बी झालं असतं आणि पोरगी बी."

"मंग द्यायचं होतं," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं का, ठेव म्हणून?"

डबा मी त्याच्याच हाती दिला. दवाखान्यात गेले नाही. त्या दिवशी मी ऑफिसात एका म्हाताऱ्याला बिल चुकीचं नसताना उगाच तीनदा खाली-वर करायला लावलं.

बारशाच्या आधी भावजयीचा निरोप आला, तोही भावाच्या तोंडून. ताईंना नाव आवडलं नसेल तर त्यांनी मनावर घेऊ नये. भिलाईहून तिची चुलत बहीण येते आहे, "वो बोल देगी कान में." म्हणजे मला दोनच रस्ते ठेवले होते. त्याचं नाव माझ्या तोंडाने सांगा, नाहीतर पाळण्यापासून उठा. मी तात्यापाऱ्याच्या बाजारात गेले, पोरीसाठी झबली घेतली, पाळण्याला बांधायला जरीचा कपडा घेतला आणि निरोप पाठवला की आत्या जिवंत आहे. माझी जागा मी भिलाईच्या कोणालाही देणार नव्हते.

बारसं वरच्या मजल्यावर झालं. कॉलनीतल्या मराठी बायका झाडून आल्या, वडिलांच्या वेळचे रेल्वेतले दोन-तीन काका आले, भिलाईची सगळी माणसं आली. पाळणा मध्ये, आणि पाळण्याच्या बरोबर समोर भावाने टीव्ही लावून ठेवलेला. त्याचा बेत असा होता की मी कानात नाव सांगायचं आणि त्याच क्षणी पडद्यावर पोरीचं पान उघडायचं, तिच्या स्वतःच्या मालकीचं, कायमचं. घुगऱ्यांच्या पुड्यांवर त्याने तो पत्ता छापून चिकटवला होता. लोकांनी घरी जाऊन पोरीचे फोटो पाहावेत म्हणून.

मी वाकले. पोरगी जागी होती आणि मुठी चोखत होती. तिच्या कानाशी तोंड नेलं तेव्हा तिच्या अंगाचा वास आला आणि माझ्या तोंडाशी ते माझं नाव आलं, इतकी वर्षं धरून ठेवलेलं. मागे बायका जमल्या. बुक्के सुरू झाले. ते लटकेच मारायचे असतात, पण भावजयीच्या आईने मारले ते लटके नव्हते. मी कुर्रर्र केलं आणि तिच्या बापाने विकत घेतलेलं नाव तिच्या कानात सांगितलं. मग उभी राहून सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक म्हणाली, "काय म्हणे?" मला पुन्हा सांगावं लागलं.

टीव्हीवर पान उघडलं. पोरीचा फोटो, खाली नाव, भोवती फुलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात रेल्वेतल्या एका काकांनी पुडीवरचा पत्ता आपल्या मोबाइलवर टाकला. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "अरे, हे तं फरशी पुसायचं लिक्विड दाखवून राहिलं."

खोलीतला एकेक जण मोबाइल काढू लागला. कोणाला लिक्विड दिसलं, कोणाला असं काही नाहीच म्हणून आलं. एका पोट्ट्याच्या मोबाइलने उलट त्यालाच विचारलं की तुम्हाला दुसरं काही म्हणायचं होतं का. भाऊ सगळ्यांत फिरत होता. "काका, सध्या वेगळा ब्राउझर लागते. द्या, मी टाकून देतो." काका म्हणाले, "राहू दे बाबा, आम्ही पोरीले इथंच पाहून घेतो." आणि खोली हसली. भिलाईची माणसंसुद्धा हसली. भावजय पोरीला घेऊन आत गेली.

मी सगळ्यांत मोठ्याने हसले. पाठ दुखत होती तरी हसले. भावाने माझ्याकडे पाहिलं, ती नजर मला आवडली. त्या दिवसानंतर वर-खाली बोलणं बंद झालं. पाण्याच्या मोटरचं आणि गेटच्या किल्लीचं तेवढं बोलायचो.

माझ्याकडे भांडी-स्वयंपाकाला एक बाई येते, मागच्याच पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहते, कित्येक वर्षांची. बारशानंतर थोड्याच महिन्यांनी तिची मुलगी माहेरी बाळंत झाली. त्यांच्यात सहाव्या दिवशी छट्ठी असते, बाळाचं नाव तेव्हाच ठेवतात. तिने मला बोलावलं. मी गेले. एका खोलीचं घर, दारात चुन्याचं सारवण, आत बाळ फडक्यात गुंडाळलेलं, मुलगी. बाईने तिला माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "दीदी, एखर बर एक ठन बने असन नाव बता देव." हिच्यासाठी एखादं छानसं नाव सांगा.

मी तेच नाव सांगितलं.

प्रेमाने सांगितलं असं लिहिलं तर ऐकायला बरं वाटेल. प्रेम नव्हतं. त्या पोरीला मी पहिल्यांदाच पाहत होते. भावाचा तो लाडू खातानाचा चेहरा डोळ्यांसमोर होता, आणि मला इतकंच वाटलं की घ्या आता. हे नाव जर कोणीही उचलून नेण्यासारखं असेल, तर मी ते माझ्या हाताने देईन, आणि अशा जागी देईन की वरच्या मजल्यावरून कोणाला परत मागता येणार नाही. मला माझ्या घरातली माणसं चांगली ठाऊक आहेत. बाईला नाव आवडलं, तिच्या मुलीलाही आवडलं. पाठीत बुक्के मारायला कोणी नव्हतं. ते मात्र मला चुकल्यासारखं वाटलं.

बाईची मुलगी पुढे एका दुकानात कामाला लागली आणि पोर आजीकडे राहिलं. आजी तिला माझ्याकडे घेऊन येऊ लागली. आमच्या खालच्या व्हरांड्यात चादर टाकून पोर ठेवायची आणि कामाला लागायची. आजी तिला नोनी म्हणते, इकडे मुलीला सगळेच नोनी म्हणतात, मीही नोनीच म्हणायची. भाऊ आणि भावजय रोज त्या चादरीवरून वळसा घालून गेटकडे जायचे. भावजय कधी मान हलवून हसायची, आपल्या पोरीची जुनी झबली तिने एकदा पिशवीत भरून दिली होती. इतके महिने पोर दारात रांगत होतं, पण त्याचं नाव काय हे वरच्या मजल्यावरून कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी वाट पाहत होते.

मग त्याला नावं विकणारी ती कंपनी बसली. बसली म्हणजे बुडाली नाही. तोच शेवट ज्या दोन कंपन्या विकत होत्या त्यांचं काहीतरी भांडण झालं, आणि याच्यावाल्यांनी सांगून टाकलं की या शेवटाची नावं आम्ही आता चालवत नाही. त्या वेगळ्या ब्राउझरमध्येही पोरीचं पान उघडेनासं झालं. नाव अजून त्याच्याच मालकीचं आहे, हजारो कॉम्प्युटरवर लिहिलेलं, कोणी खोडू शकत नाही. फक्त ते कुठे जात नाही. तलाव, तांदूळ, मिठाईवाला, सगळ्यांचं तेच झालं. हे मला त्याने सांगितलं नाही, ऑफिसातून कळलं. त्या दिवशी मी घरी येताना जिलेबी आणली आणि एकटीने खाल्ली.

आणि एका रविवारी सकाळी दोघं खाली आले. पोरगी भावजयीच्या कडेवर, तिला जेमतेम पाय फुटले होते. बारशानंतर भावजय माझ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा येत होती. आधी पोरीच्या दातांचं बोलली, मग उन्हाचं. भाऊ दाराला टेकून बाहेर पाहत होता.

"ताई," ती म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "तुम्ही ते नाव म्हणत होता ना. बर्थ सर्टिफिकेटवर नाव अजून टाकलंच नाही, यांनी तसंच ठेवलं होतं. आता झूलाघरवाले, म्हणजे पाळणाघरवाले, मागतात. मला तर हे नाव पहिल्यापासून नाही आवडलं. आम्ही म्हणतो, तुमचंच टाकू. आत्याचा मान असतो."

आत्याचा मान असतो. हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं बसले होते ते मलाच माहीत. पोरगी माझ्याकडे हात पुढे करत होती. तिला मी कधी फारसं घेतलेलंही नव्हतं, तरी करत होती. फक्त हो म्हणायचं होतं.

"ते नाव गेलं," मी म्हटलं.

"गेलं म्हणजे?"

"कोणीतरी आधीच घेतलं."

भावाने वळून पाहिलं. स्वतःचं वाक्य त्याने ओळखलं. "कोणी?" त्याने विचारलं.

नोनी व्हरांड्यात चादरीवर बसून डब्याचं झाकण आपटत होती. मी दारात गेले आणि तिला हाक मारली, नोनी म्हणून नाही, तिच्या नावाने, कॉलनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तिने झाकण सोडलं आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मागच्या मोरीतून आजीचा आवाज आला, "हव दीदी, का होगे?" काय झालं म्हणून.

भावजयीचा चेहरा उतरत गेला. तिला कळायला थोडा वेळ लागला. "इसका?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, बाईला ऐकू जाऊ नये म्हणून, "कामवाली की नातिन का? ताई, आता आम्ही तेच कसं ठेवायचं? दोघी एकाच आवारात. कोणी एकीला हाक मारली तर…"

"नाही ना ठेवता येणार," मी म्हटलं. "मीच म्हणून राहिले, गेलं."

ती ठेवू शकली असती. जगात एका नावाच्या हजार पोरी असतात. त्या बाहेरदेशातल्या माणसाने आमच्या पोरीच्या कानावर कुलूप लावलं नव्हतं आणि नोनीनेही लावलं नव्हतं. पण भावजय ठेवणार नाही हे मला छट्ठीच्या दिवशीच ठाऊक होतं. त्याच भरवशावर मी ते नाव दिलं होतं.

भाऊ म्हणाला, "ताई, तू मुद्दाम केलंस."

"हव," मी म्हटलं.

तो वळला आणि भराभरा जिना चढून गेला. भावजय पोरीला घेऊन जिन्याकडे निघाली. पोरगी तिच्या खांद्यावरून मागे माझ्याकडेच पाहत होती, हात अजून पुढे केलेला. माझाही हात उचलला गेला, पण मी तो पदराला पुसला. जिन्याच्या वरच्या पायरीवरून भावाने तिला हाक मारली, त्या रिकाम्या राहिलेल्या नावाने. आणि पोरीने लगेच माझ्यावरची नजर काढली, हसून त्याच्याकडे वळली. ते नाव तिच्या कानात मीच सांगितलं होतं.